काळ्या पट्टीखालचं

प्रिय मैत्रिणी,

तुझा मेल रात्री उशिरा वाचला. सरकारी फाइलींतल्या ओळींवर काळ्या पट्ट्या फिरवणाऱ्या कारकुनाचा तुझा गेम बाहेर येऊन अकरा दिवस झाले आणि त्यातले नऊ तू रिव्ह्यू वाचण्यात घालवलेस, हे कळल्यावर हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तुझ्या वयाचा असताना मीही हेच केलं होतं. वर एका खेळाडूला रागाच्या भरात उत्तरही दिलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की माझ्या गेमच्या शेवटी येणारा मजकूर म्हणजे नागरिकशास्त्राचा धडा आहे. मी चार परिच्छेद खर्चून त्याला लोकशाही समजावून सांगितली. ते चार परिच्छेद माझ्या गेमपेक्षा जास्त लोकांनी वाचले. तेव्हा उत्तर देऊ नकोस. निदान या महिन्यात तरी नको.

एकच गेम कुणाला सरकारविरोधी वाटतो, कुणाला सरकारची तळी उचलणारा, याने तू चक्रावून गेलीस. दोन्हीकडचे चिडले म्हणजे आपण बरोबर मधोमध आहोत, अशी समजूत मात्र करून घेऊ नकोस. ही फार स्वस्तातली समजूत आहे. दोन्हीकडच्यांना नुसता कंटाळाही आलेला असू शकतो.

मी काय केलं सांगतो. तू पाठवलेले साठेक रिव्ह्यू घेतले आणि प्रत्येकात वाक्याचा कर्ता कोण, एवढंच पाहिलं. ‘हा गेम अमुक बाजूचा आहे’, ‘हा गेम तमुक शिकवतो’ ही वाक्यं एका बाजूला काढली. ती बहुतेक बातम्यांवरची मतं आहेत, तुझा गेम फक्त निमित्त. उरली ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं. ती थोडी आहेत, पण सोनं आहे त्यात. एकाने लिहिलंय : ‘तिसऱ्या दिवशी वेळ संपत आली म्हणून मी फाइल न वाचताच सगळ्या ओळींवर काळं फिरवलं. नंतर कळलं, त्यात त्या बाईच्या बेपत्ता नवऱ्याचं नाव होतं.’ आणि खाली उलटा अंगठा. तू हा रिव्ह्यू ‘वाईट’मध्ये टाकलास! अगं, तो स्वतःवर चिडलाय आणि राग गेमवर काढतोय. गुपितं दडपायला दुष्ट माणूस लागतोच असं नाही, घाईत असलेला कारकून पुरतो, हे तू त्याला एकही वाक्य न सांगता त्याच्याच हाताने करून दाखवलंस. यापेक्षा जास्त काय हवं होतं तुला?

2013मध्ये आलेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या गेमनेही हेच केलं होतं. तू तो खेळलीस, पण त्याचा हिशोब कधी मांडून पाहिलास का? सीमेवरच्या तपासनिसाला माणसागणिक पैसे मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी भाडं, जेवण, शेगडी आणि आजारी मुलाचं औषध. गेमचा निर्माता लुकस पोपने अर्स्तोत्स्का नावाचा खोटा देश उभा केला, पण हुकूमशाहीवर भाषण दिलं नाही. पगाराची रचनाच अशी केली, की समोरच्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकणं खेळाडूला परवडेनासं व्हावं. राजकारण त्या आकड्यांत आहे. तुझ्या गेममध्ये ते घड्याळात आहे, आणि पहिली चार प्रकरणं ते झकास चालतं.

पाचव्यात मात्र घोळ आहे, आणि तो खेळाडूंनी बरोबर पकडलाय. ‘प्रचार’ हा शब्द वापरणारे कुठे पोचून तो वापरतात, ते बघ. जवळजवळ सगळे पाचव्या प्रकरणानंतर. तिथे फाइल पत्रकाराला दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. इतका वेळ जो ‘मी केलं’ म्हणत होता, तो तिथे ‘मला करायला लावलं’ म्हणू लागतो. त्यांना तुझं मत खुपत नाहीये. आधी निवड हातात देऊन मग ती काढून घेतलीस, ते खुपतंय. 2016च्या ‘ऑरवेल’ या गेममध्ये पाळत ठेवणाऱ्याला कधीकधी परस्परविरोधी माहितीचे दोन तुकडे दिसतात. एक वर पाठवला की दुसरा हातचा गेला, आणि पाठवलेला परत घेता येत नाही. बस, एवढंच. खेळाडू कुणालाही दोष देऊ शकत नाही. तुझ्या पाचव्या प्रकरणातही फाइल कपाटात ठेवून घरी जाण्याची वाट असू दे. त्या वाटेला शिक्षा नको. दुसऱ्या दिवशी ऑफिस नेहमीसारखं सुरू होऊ दे, शिपाई नेहमीसारखा चहा आणून ठेवू दे. शिक्षेपेक्षा ते जास्त बोचेल.

अंगठ्यांच्या आकड्याबद्दल थोडक्यात. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने अंगठे मोजून लावलेला ‘संमिश्र’ हा शिक्का बघून तू रडलीस म्हणतेस. तुझा गेम दीड तासात संपतो, आणि स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांत, दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पुरा खेळून परत करणारे निघणारच. शिक्क्यावरून किंवा परताव्यांवरून गेमची किंमत ठरवू नकोस, आणि परतावे टाळायला गेम ताणून अडीच तासांचा तर मुळीच करू नकोस.

खरं वादळ कसं असतं ते ‘डिव्होशन’वाल्यांना विचारावं. तैवानच्या रेड कँडल गेम्सचा तो भयपट धाटणीचा गेम, एका कुटुंबाची गोष्ट. फेब्रुवारी 2019मध्ये बाहेर पडला आणि भिंतीवरच्या एका कागदात शी जिनपिंग यांची टिंगल सापडली. उलट्या अंगठ्यांचा पाऊस पडला, कंपनीने माफी मागितली, आणि आठवडाभरात गेम स्टीमवरून गेला. पुढे 2021मध्ये त्यांनी तो स्वतःच्या दुकानातून विकायला काढला. त्या अंगठ्यांमधून गेमबद्दल शिकण्यासारखं जवळपास काही नव्हतं. तुझ्याकडे आलेलं वादळ नाहीये. माणसं खेळून, विचार करून कुरकुरतायत. हे भाग्य आहे, सांभाळ.

शेवटची तक्रार मात्र मला दोन दिवस सोडेना : ‘काळ्या पट्टीखाली काय होतं ते शेवटपर्यंत दाखवलंच नाही.’ नऊ जणांनी लिहिलंय. खेळाडूला झाकलेलं बघण्याची किती ओढ असते, याचा भन्नाट नमुना म्हणजे ‘वॉर थंडर’ हा रणगाडे-विमानांच्या लढाईचा ऑनलाइन गेम. 2021मध्ये त्याच्या चर्चा-फोरमवर गेममधला ब्रिटिश रणगाडा चुकीचा बनवलाय हे सिद्ध करायला एका खेळाडूने खऱ्या रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानंच टाकली. निर्मात्यांनी ती काढली. त्याच वर्षी फ्रेंच रणगाड्यावरूनही तेच घडलं. वाद जिंकण्यासाठी सरकारी गुपित! तेव्हा ‘दाखवा’ म्हणणारे नऊ जण मला अजिबात वेडे वाटत नाहीत.

तरीही दाखवू नकोस. कारकुनाला कळत नाही, तर खेळाडूलाही कळू नये. पण मला संशय आहे, की ते तुलाही माहीत नाही. मी तुझ्या फाइली पुन्हा उघडल्या. काही पट्ट्या वाक्याच्या मानाने फार लांब आहेत, काही ठिकाणी पट्टीनंतरचं क्रियापद आधीच्या कर्त्याशी जुळत नाही. म्हणजे खाली काही नाहीच, नुसतं काळं आहे. खेळाडूंना हे शब्दांत सांगता आलं नाही, पण जाणवलं असणार.

या आठवड्यात रिव्ह्यू बंद. त्रेचाळीस पट्ट्या आहेत, मी मोजल्या. प्रत्येकीखालचा मजकूर लिहून काढ, आणि तो पट्टीत बसेल इतकाच. गेममध्ये टाकू नकोस. मला पाठव.

तुझा,
दादा