लग्नानंतर फिजिओथेरपी शिकतेस? मग हे ऐक

अगं, अभिनंदन! मीही लग्नानंतरच एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं मास्टर्स, केलं. दोन वर्षं, त्यात सकाळची ओपीडी, दुपारी सेमिनार आणि डोक्यावर थीसिस. घर नागपुरात वर्धा रोडला, त्यामुळे सीताबर्डीपर्यंतची मेट्रो हीच माझी अभ्यासिका होती.

पहिलं काम म्हणजे परीक्षांचं आणि पोस्टिंगचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटव. नवऱ्याला तोंडी सांगून भागत नाही, बाप्पा. आमच्याकडे महालक्ष्म्या आणि इंटर्नल परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. मी आधी बोलले नाही, सासूबाई दुखावल्या, आणि चूक माझीच होती. पुढच्या वर्षी महिनाभर आधी सांगितलं. पुरणाचं त्यांनी बघितलं, भाज्या चिरून मी वाचायला बसले.

नवऱ्याला अभ्यासात ओढ. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) घेऊन त्याचाच गुडघा मोज, मसल टेस्टिंगला त्याचेच हात वापर. ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याची आकृती, मणक्यातल्या सी५ ते टी१ नसांसकट, मी त्याला इतक्यांदा समजावली की तो बिचारा झोपेतही सांगेल! त्यात तुमचा वेळही एकत्र जातो.

दिवसभर पेशंट उचलून-वळवून कंबर भरते, तेव्हा रात्री घरच्या कुणी 'जरा पाय दाबून दे' म्हटलं तर हसून नाही म्हण. फिजिओ म्हणजे मालिश नव्हे, हे नातेवाइकांना समजावण्यात माझं अर्धं वर्ष गेलं.

रविवारची सकाळ मात्र पुस्तकांना देऊ नकोस. आम्ही तर्री-पोहे खायला जायचो, फोन घरी ठेवून.