घरात आधीच दोन मांजरी आहेत. रस्त्यावरून वाचवलेली तिसरी त्यांच्यात कशी मिसळवावी?

पहिल्याच दिवशी समोरासमोर आणू नका. बिघडलेली पहिली भेट निस्तरायला महिने जातात. नव्या मांजरीला आधी पशुवैद्याकडे न्या: जंत, पिसवा, लसीकरण, शिवाय एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजरींमध्ये पसरणाऱ्या विषाणूंसाठी रक्ततपासणी. मग किमान दोन आठवडे तिला स्वतंत्र खोली द्या. तिथेच खाणं, पाणी, लिटर बॉक्स आणि लपायला पुठ्ठ्याचा खोका.

मांजरं एकमेकांना आधी नाकाने ओळखतात, त्यामुळे खरं काम वासाचं. मऊ फडकं नवीच्या गालांवरून फिरवा आणि जुन्यांच्या वाटीपासून थोडं लांब ठेवा. जुन्यांचं तिच्या खोलीत. हुंगून निवांत निघून गेली तर उत्तम. फिस्कारली तर फडकं आणखी लांब सरकवा. पुढे बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या, वाट्या रोज थोड्या जवळ आणा. दाराला लागून बिनघोर खाऊ लागल्या की जाळीतून दर्शन, मग पाच-दहा मिनिटांच्या भेटी.

थोडं फिस्कारणं, गुरगुरणं चालतं. न हलता टक लावून बघणं जास्त धोक्याचं. तेव्हा मध्ये हात घालू नका, मोठा पुठ्ठा आडवा धरा आणि ओळखीच्या क्रमात एक पायरी मागे जा.

तिघींसाठी लिटर बॉक्स 4 हवेत, तेही वेगवेगळ्या जागी. एका ओळीत ठेवले तर एकटी मांजर वाटेत बसून सगळे अडवते, आणि बिचारी दुसरी गादीवर करते.