दोघांनी सायकलवर परदेशी निघताना

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. नवऱ्याबरोबर डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने जायचं ठरवलंयस हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. नक्की जा. पण सायकल कुठली, टायर कुठले, तंबू न्यावा का, सगळं विचारलंस आणि दोघांचा स्पीड जुळतो का ते काही लिहिलं नाहीस. जुळत नसणारच, कुठल्याच जोडीचा जुळत नाही, आणि दोघांची टूर बिघडते ती यानेच, पंक्चरने नाही.

होतं काय, ज्याच्या पायात जोर तो चढ संपवून वर थांबतो, पाणी पितो, फोटो काढतो, आणि मागचं माणूस धापा टाकत पोचलं रे पोचलं की हा म्हणतो चल निघूया. म्हणजे ज्याला थांबायची गरज नाही त्याला दर चढाला विश्रांती आणि जो खरा दमलाय त्याला कधीच नाही, आणि चार दिवस असं झालं की पाचव्या दिवशी जे भांडण होतं ते चहा कुठे प्यायचा यावरून सुरू होतं पण असतं या चढांचंच. म्हणून आधीच ठरवून टाका. विश्रांती मोजायची ती मागचं माणूस पोचल्यापासून. चढावर हळू चालवणारं पुढे, समोरून वारा असला तर जोरवालं पुढे आणि दुसऱ्याने त्याच्या आडोशाला. आणि फाटा आला की पुढच्याने थांबायचंच, रस्ता कितीही सरळ दिसत असला तरी.

आता माझं ऐक, व्हिसाचे कागद गोळा करायच्या आधी सायकली घेऊन इकडे कोकणात ये. दापोलीहून दाभोळ, फेरीबोटीत सायकली चढवून धोपावे, मग गुहागर, हेदवी, तवसाळला परत फेरीबोट, पलीकडे जयगड, गणपतीपुळे आणि आरेवारेवरून रत्नागिरी. डॅन्यूबचा तुमचा रस्ता बहुतेक सपाट, नदीबरोबर खाली जाणारा. आमच्या इथे प्रत्येक खाडीला पार पाण्यापर्यंत उतरायचं आणि पलीकडे लगेच परत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढायचं, त्यात दमट हवा, घामाने हँडल निसटतं. इथे दोघं एकमेकांशी धड बोलत रत्नागिरीला पोचलात तर ऑस्ट्रियाची काळजी नको. पण सगळं सामान लादून यायचं हं, रिकाम्या सायकलवर काहीच कळत नाही. सामान जोराप्रमाणे वाटा, निम्मं निम्मं नाही, तंबू आणि दुरुस्तीची हत्यारं जोरवाल्याकडे. फक्त पंप, ट्यूब, थोडे पैसे, खाऊ आणि आपापला पासपोर्ट प्रत्येकाकडे हवा, चुकामूक झाली तर एकाकडे सगळं आणि दुसरं रस्त्यात उभं असं नको. आणि इथून परत गेलात की चेन धुऊन तेल द्या, खारी हवा फार लवकर गंज धरवते.

कटकटी आहेतच. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, आणि रोज कुठे राहणार ते दाखवावं लागतं, सायकलवाल्याला हेच सगळ्यात अवघड, म्हणून कॅन्सल करता येतील अशी बुकिंग्ज कर. लग्नानंतर नाव बदललं असशील तर पासपोर्ट, तिकीट, इन्शुरन्स सगळीकडे एकच नाव आहे ना ते आज बघ. विमानासाठी सायकल खोक्यात भरताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, जोर लावून चुकीकडे पिळू नको. पॉवर बँक केबिन बॅगेत, स्टोव्हचं गॅस सिलेंडर विमानात अजिबात चालत नाही, तिकडेच घे. तुमच्या फ्रेमला बसणारा डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग ज्यावर लटकतो तो छोटा तुकडा, एकेक जास्तीचा ने, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि तो मोडला तर गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. मेतकूट, कुळथाचं पीठ खुशाल ने, साजूक तूप मात्र नको, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे.

जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बहुतेक बंद, तर शनिवारीच खायला घेऊन ठेवा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण उपाशीपोटी संध्याकाळी मुक्काम कुठे यावर बोलायला बसलात की संपलं. आधी खा, मग नकाशा उघडा. आणि तिकडे उजवीकडून चालवतात ते गर्दीत आपोआप जमतं, धोका असतो तो सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना, तेव्हा सवयीने डावीकडे जायला होतं. दोघांपैकी जो आधी निघेल त्याने मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, लाज कसली.

एवढं सगळं सांभाळलंत की पुढे काय मिळतं माहितीये? मेल्क ते क्रेम्स, वाखाउ म्हणतात त्या भागाला, नदीच्या दोन्ही अंगाला द्राक्षाचे मळे आणि जर्दाळूच्या बागा, जुलैच्या सुमाराला जर्दाळू पिकतो तेव्हा गेलात तर पिशवी भरून घ्या आणि बाकावर बसून खा. गाड्या नाहीत अशा वाटेवर शेजारी शेजारी चालवताना माणसं जे बोलतात ना ते घरात वर्षभर बोलून होत नाही. आणि काही न बोलता दहा किलोमीटर गेलात तरी त्यात अवघडलेपण नसतं. जोडी दिसली की लोकही सहज बोलायला येतात, कुठून आलात विचारतात, बाया तर पाणी भरून देता देता घरच्या गोष्टी काढतात. मला सायकलवरचं हेच सगळ्यात आवडतं, आणि तुला ते मिळावं असं मनापासून वाटतं.

तर या. ख्रिसमसच्या सुट्टीत नको, तेव्हा किनाऱ्यावर गाड्याच गाड्या असतात. जानेवारी चांगला. निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाला माझ्याकडे, कोणाच्या सायकलवर काय ठेवायचं ते सामान अंगणात पसरून ठरवू, आणि नवऱ्याला सांग ब्रेक पॅड नवे टाकून आण म्हणावं, इथले उतार जुन्या पॅडवर उतरू देणार नाही मी.

तुझी
मावशी