मोर्स गेल्यावरचा डीप पर्पल: '=१' घ्यावा का?

गिटारवादक स्टीव्ह मोर्स गेल्यानंतरचा, डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा '=१' हा अल्बम विकत घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय सोलापुरात सात रस्त्यावर चहा पिताना मित्र म्हणाला, "ब्लॅकमोर नाही तर पर्पल कसला बे?"

मित्राचं आधी बघू. ब्लॅकमोर म्हणजे बँडचा पहिला गिटारवादक, त्याने बँड कायमचा सोडला नोव्हेंबर १९९३ मध्ये. दोन्ही खेपा धरून तो होता त्याहून जास्त वर्षं मोर्स टिकला, १९९४ ते २०२२. मित्राचा हिशेब लावला तर निम्म्याहून जास्त पर्पल बादच की ओ!

मोर्स भांडून गेलेला नाही. बायकोला कॅन्सर झाला, तिच्याजवळ राहायचं म्हणून गेला. त्याच्या जागी आधी बदली म्हणून आणि मग कायमचा आला बेलफास्टचा सायमन मॅकब्राइड. तोही अगदी परका नव्हे. पर्पलचा कीबोर्डवादक डॉन एअरी याच्या स्वतःच्या बँडमध्ये वाजवायचा, गायक इयन गिलनबरोबरही वाजवलेलं.

मोर्स लांबलचक, पळत्या ताना घ्यायचा, मध्ये श्वासाला जागा नाही. मॅकब्राइड ब्लूजच्या वळणाचा. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) आखूड, जाड, आणि वाजवून झाली की गप्प बसतो. तेवढ्यात एअरीचा हॅमंड ऑर्गन आत शिरतो. यातलं 'पोर्टेबल डोअर' हे गाणं हेडफोन लावून ऐका. ऑर्गन इतका खरखरीत आहे की गिटार कुठे संपली ते पटकन कळत नाही. ही बँडचा पहिला ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याची जुनी युक्ती, ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमधून काढायचा. सत्तरच्या दशकाचा वास येतो तो इथून, नुसत्या गिटारमुळे नाही.

आपल्या मागाच्या भाषेत, ताणा तोच, बाणा बदललाय. ताणा, म्हणजे उभे धागे, इथे रॉजर ग्लोव्हरचा बेस आणि इयन पेसचे ड्रम्स. १९६८ पासून प्रत्येक अल्बमवर असलेला पेस हा एकटाच.

गिलनकडून मात्र 'चाइल्ड इन टाइम' या जुन्या गाण्यातल्या किंकाळीची अपेक्षा ठेवू नका. १९ जुलै २०२४ ला अल्बम आला, तेव्हा त्याला ७९ पूर्ण व्हायला बरोब्बर महिना होता. आता तो खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा, मिश्कील गातो. मला आवडतं.

तक्रार एकच, गाणी तेरा. बॉब एझरिन २०१३ पासून त्यांचा निर्माता आहे, त्याचं ते ऐकतात. मग कात्री चालवायला काय झालं होतं? मधली काही गाणी एकमेकांत मिसळून जातात. आधी 'शो मी', 'पोर्टेबल डोअर', 'पिक्चर्स ऑफ यू' आणि शेवटचं 'ब्लीडिंग ऑब्व्हियस' ऐका. मोर्सच्या काळातला गुंता या शेवटच्या गाण्यात थोडा परत येतो.

मित्राला एवढ्यात हे लावू नका. त्याला १९९६ चा 'पर्पेंडिक्युलर' द्या, मोर्सचा पहिला. त्यातलं 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' शांतपणे संपू द्या, मग वाद घाला.

विकत घ्यायचं तर नव्या पेठेत शोधत बसू नका, दुकानदार मोबाइलचं कव्हर दाखवील. ऑनलाइन मागवा, आणि सीडीच घ्या. रेकॉर्ड दिसायला भारी, पण पत्र्याच्या खोलीत, उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवलेली तबकडी आपल्याकडच्या मे महिन्यात सरळ राहत नाही.