शब्दशंका : ‘मॉब’ म्हणजे नुसती गर्दी का?

प्रश्न : बातम्यांत येणारा ‘मॉब’ हा इंग्रजी शब्द ‘क्राउड’हून वेगळा आहे का, आणि तो आला कुठून?

उत्तर : ‘क्राउड’ म्हणजे साधी गर्दी, सायंकाळी दादर स्थानकात असते तशी, जिथे प्रत्येकाला फक्त आपापली लोकल पकडायची असते. ‘मॉब’मध्ये बेभान जमावाचा अर्थ आहे, आणि तो शब्दाच्या जन्मापासूनच आहे. लॅटिनमध्ये ‘मोबिले वल्गुस’ म्हणजे चंचल, सहज भडकणारे सामान्य जन. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये यातला ‘मोबिले’ एवढाच शब्द तुच्छतेने वापरला जाऊ लागला आणि 1680 च्या दशकात त्याचाही ‘मॉब’ झाला. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टला ही काटछाट मुळीच खपत नसे. हा शब्द रोखण्याचा आपण अनेक वर्षे आटोकाट प्रयत्न केला, पण संख्याबळापुढे हरलो, अशी कबुली त्याने 1710 मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकात दिली. जमावाविषयीच्या शब्दाने संख्याबळावर जिंकावे, हे मला मोठे गमतीचे वाटते. आपल्या खिशातल्या ‘मोबाइल’चे मूळही हेच, फक्त तिथे चंचलपणा हा गुण ठरला. ऑस्ट्रेलियात मात्र मेंढ्यांच्या वा कांगारूंच्या कळपालाही ‘मॉब’ म्हणतात, आणि तिथले आदिवासी स्वतःच्या माणसांविषयी तो शब्द आपुलकीने वापरतात.

मराठीत ‘जमाव’ चालतो, पण तो शांतही असू शकतो. ‘झुंड’ अधिक जवळचा. म्हणूनच ‘मॉब लिंचिंग’साठी रूढ झालेला ‘झुंडबळी’ नेमका आहे.