विचार बंद पाडायच्या मागे लागू नकोस

ध्यानाला बसून मी दोन वर्षं तेच केलं, डोकं तेवढं दुखलं. ‘आता विचार थांबले’ हाही विचारच की!

त्यापेक्षा पंख्याचा आवाज ऐक. आधी नुसती घरघर असते; ‘हा पंखा, मी ऐकतोय’ ही पाटी मागून लागते. पाटी लागण्याआधीही जाण असतेच, पण जाणणारा वेगळा कुणी सापडतो का, बघ. मला डोळ्यांच्या मागे कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. नीट पाहिलं तर कपाळावरचा बारीक ताण आणि स्वतःच्या चेहऱ्याचं धूसर चित्र, एवढंच. तो ताणही जाणवतोच ना, मग तो ‘मी’ कसा?

मन भरकटलं म्हणून चिडू नकोस. हाती काम नसताना मेंदूचे काही भाग जास्त सक्रिय असतात, स्वतःविषयीचे विचारही तिथेच घोळतात. मेंदूचे अभ्यासक मार्कस रायकल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं.

रोज दहा मिनिटं पुरे. आणि ‘माझा मी गेला’ असं सांगत फिरावंसं वाटलं, तर तो कुठेही गेलेला नाही! मात्र सगळं खोटं वाटून भीती बसली, तर ध्यानाला बसणं थांबव आणि सरळ डॉक्टरांना भेट.