स्कॉटिश पलटणीच्या बिल्ल्यावर हत्ती आणि 'असई' का?

हायलँड लाइट इन्फन्ट्रीच्या जुन्या बिल्ल्यावर हत्ती आहे आणि त्यावर 'असई' असं कोरलेलं आहे. ही असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलंच गाव!

२३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौज शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी भिडली. इंग्रजांच्या उजव्या बगलेच्या पहाऱ्याच्या तुकड्या चुकून थेट गावाच्या रोखाने सरकल्या, आणि त्यांच्या मागोमाग ७४वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण मराठी तोफांच्या तोंडी गेली. त्यात मराठी घोडदळही चालून आलं. पलटणीतले बहुतेक सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. ते पाहून पलटणीच्या रसद-सामानाची व्यवस्था पाहणारा क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँट स्वतः लढायला पुढे सरसावला. उरलेले मात्र चौक बांधून, म्हणजे चारी बाजूंना तोंड करून चौकोनात उभे राहून, टिकून राहिले. शिंद्यांच्या गोलंदाजांचं कसब किती होतं, हेही यातून कळतं, असं मला वाटतं.

या लढाईसाठी कंपनी सरकारने पलटणीला तिसरं, मानाचं निशाण दिलं. एरवी ब्रिटिश पायदळाची निशाणं दोनच असतात.

१८८१ मध्ये ७१वी आणि ७४वी एकत्र करून हायलँड लाइट इन्फन्ट्री झाली, १९५९ मध्ये रॉयल हायलँड फ्युझिलियर्स. आता तो वारसा रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडच्या दुसऱ्या बटालियनकडे आहे.